साऱ्या वस्तीचा अंगठा

चीनच्या किनाऱ्यावरच्या रोंगछेंग बंदरात, दक्षिण धक्क्याच्या वस्तीत गोंगबाईंना स्वतःचा असा उजवा अंगठा नव्हता. म्हणजे होता, हाताला जोडलेला होता, त्याचं नखही वाढत होतं; पण मालकी वस्तीची. त्या अंगठ्याने काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे ठरवायला वस्तीतले यच्चयावत आजी-आजोबा मोकळे होते. त्यांना दुसरा उद्योगही नव्हता.

गोंगबाई लहान मुलांची मालिश करत. तेल चोपडून रगडायची नव्हे हो. ही मालिश बोटांच्या पेरांवर, कपाळावर, पाठीच्या कण्यावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना. बोट आल्याच्या पाण्यात बुडवायचं किंवा त्याला पावडर लावायची आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवत राहायचं, पोर कंटाळून झोपेपर्यंत. यातल्या प्रत्येक क्रियेला नाव आहे. नाकपुड्यांशी दोन बोटं नेऊन हलवायची, तिला ‘पिवळी गांधीलमाशी बिळात’ म्हणतात. पोरं त्या नावासाठीच यायची. नाकाची काळजी त्यांना नव्हतीच, ते आजीचं दुखणं होतं.

आणि नाकांना काय तोटा! ऑगस्ट सरत आला की मागच्या डोंगरावर रानदवणा फुलतो, आणि वाऱ्याची दिशा फिरली की वस्तीतल्या निम्म्या पोरांची नाकं वाहायला लागतात. शाळेच्या मैदानावर कवायतीचे आकडे कमी आणि शिंकाच जास्त ऐकू येतात. इस्पितळातले डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतात, लोक तो मारतातही. पण गुण आला तर तो अंगठ्याचा, आणि नाही आला तर दोष फवाऱ्याचा. गोंगबाईंना विचाराल तर त्या सरळ सांगत: काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि पहिली थंडी पडली की सगळ्यांनाच येतो. पण त्यांना विचारतंय कोण?

ही विद्या त्यांना एका म्हाताऱ्या बाईने शिकवली, आणि शिकवताना एकच अट घातली. अंगठा मऊ राहिला पाहिजे. पोराची कातडी टोफूसारखी असते. खरखरीत अंगठा फिरला की पोर रडतं, रडलं की नाक आणखी वाहतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. त्या दिवसापासून गोंगबाईंनी भांडं घासलं नाही, लसूण सोलला नाही, कणीक मळली नाही. ज्या बंदरात कालवं फोडफोडून बायकांचे हात झाडाच्या सालीसारखे झालेले, तिथे ही एकच बाई गुळगुळीत अंगठा घेऊन हिंडायची. घरचं बहुतेक सगळं नवऱ्याने, लाओ यूने, सांभाळलं. तो बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. दिवसभर इंजिनात हात घालायचा आणि संध्याकाळी तेच हात धुऊन बायकोच्या ताटलीतल्या माशाचे काटे काढायचा. लग्नाआधी हे ठाऊक असतं तर तू हो म्हणाला असतास का, असं त्याला कोणी विचारलं नाही, आणि तोही आपणहून बोलणाऱ्यातला नव्हता.

हे घरापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मग लू मास्तर निवृत्त झाले.

लू मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. नोकरी सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. त्यांचा नातू मानमान, त्याचं नाक वस्तीत नावाजलेलं. ते रानदवण्याच्या आधी सुरू व्हायचं आणि बर्फ पडेपर्यंत चालू राहायचं. गोंगबाईंच्या हाताखाली मात्र मानमान झोपायचा आणि तोंड मिटून श्वास घ्यायचा. तोंड मिटलेला नातू बघणं हे आपल्या म्हातारपणातलं एकमेव सुख आहे, असं मास्तर स्वतःच सांगत. त्या सुखाला तडा जाऊ नये म्हणून त्यांनी फोनवर ‘अंगठा संरक्षण गट’ काढला. वस्तीतले झाडून सगळे त्यात घुसले.

मग काय विचारता! लिफ्टमध्ये पाटी लागली की गोंगबाईंसाठी बटण दाबावे. बाई राहायच्या चौथ्या मजल्यावर. पण दाबणारा उत्साहाच्या भरात आपलाच मजला दाबी, त्यामुळे बाई आधी अकराव्या मजल्यावर जायच्या, तिथल्यांची ख्यालीखुशाली विचारायच्या आणि मग घरी पोचायच्या. बाजारात त्यांनी कोबी उचलला की कुठून तरी शिट्टी वाजायची. माजोंगचा, म्हणजे उपड्या सोंगट्यांचा, डाव पडला की त्यांच्या सोंगट्या उचलायला एक शेजारीण नेमलेली असे. ती सोंगटी आधी स्वतः बघायची, मग ‘अगंबाई’ म्हणायची आणि मग बाईंना दाखवायची. त्यामुळे गोंगबाई वर्षानुवर्षं हरत आल्या.

आणि कुलूप! मुलीने, हायतांगने, घराच्या दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवलं. ते लाओ यूला ओळखी, हायतांगला ओळखी, एकदा तर त्याने गॅसच्या टाकीवाल्यालाही ओळखलं. गोंगबाईंचा अंगठा मात्र पावडरीने इतका झिजलेला की कुलूप म्हणे, बोट ठेवा. बाई म्हणत, ठेवलंय. कुलूप म्हणे, बोट ठेवा. दुसरं बोट लावून बघायचं कोणाला सुचलं नाही असं नाही. पण बाकीची नऊही त्याच पावडरीत वाढलेली. मग बाई जिन्यावर बसून राहायच्या, कोणी तरी येऊन त्यांना त्यांच्याच घरात घेईपर्यंत.

लोकांना याचं हसू यायचं. गोंगबाईंनाही यायचं. हसू येत नव्हतं ते एकट्या हायतांगला.

ती एकुलती एक. शाळेत जायच्या आधीपासून स्टुलावर उभी राहून भांडी घासायची, कारण आईचा अंगठा. स्वतःची वेणी स्वतःच घालायला शिकली, कारण आईचा अंगठा. इतर मुलींना सणाला आईच्या हातचे बोबो मिळायचे. बोबो म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला मोठा गोळा. बारसं असो, लग्न असो, नवं वर्ष असो, आमच्याकडे बोबोशिवाय पान हलत नाही. हायतांगला तो दुकानातून यायचा. आणि गंमत म्हणजे तिचंही नाक बंद. रानदवणा फुलला की तिला रात्ररात्र झोप नसायची. पण गोंगबाई संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा अंगठा दमलेला असायचा, त्याला कोमट पाण्यात विश्रांती द्यायची असायची, सकाळी पुन्हा रांग लागणार असायची. मग लाओ यू बायकोला विचारून विचारून पोरीच्या नाकाला हात लावायचा. तो हात म्हणजे नारळाची खवणी. पोर पळून जायची. शेवटी तिने तोंड उघडं ठेवून झोपायची सवय करून घेतली. तिने तक्रार कधी केली नाही. नुसतं मागणं सोडून दिलं. हे गोंगबाईंना कळत होतं, रोज कळत होतं, आणि रोज दुसऱ्या कोणाचं तरी पोर मांडीवर असायचं.

तर त्या हायतांगचं लग्न ठरलं. मुलगा मासळीच्या शीतगृहात यंत्रं सांभाळणारा, घर खाडीपलीकडच्या गावात. त्याची आई, जिआओ विहीणबाई, म्हणजे त्या गावची बोबोतली शेवटची अदालत. कोणाचा बोबो चांगला आणि कोणाचा नाही हे त्या ठरवत, आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हतं. नवरी माहेराहून निघताना आईने केलेले बोबो बरोबर नेते. त्यांना नाकं काढतात. म्हणजे कणकेची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तिला आमच्याकडे नाकच म्हणतात, आणि त्या नाकात वाळलेलं लाल बोर खोवायचं. सासरी झाकण उघडून सगळे बघतात. बोबो गुळगुळीत आणि नाकं सरळ असली, की मुलीवर आईचा हात फिरलेला आहे असं समजतात.

हायतांगने बोबो आधीच दुकानात सांगून ठेवले होते. रंगीत ड्रॅगनवाले, पेटीत घालून मिळणारे. जेवताना तिने ते सहज सांगितलं. गोंगबाई म्हणाल्या, मी करते. लाओ यूच्या हातातल्या जेवायच्या काड्या माशावरच थांबल्या.

“कशाला, आई? पैसेसुद्धा भरलेत मी.”

“मी करणार.”

“आणि अंगठा?”

“जाऊ दे अंगठा.”

हायतांगने वाटी खाली ठेवली. “हे तू आत्ता म्हणतेस,” ती म्हणाली. “मी सहा वर्षांची होते तेव्हा म्हणायचं होतंस.”

एवढंच बोलून ती वाट्या गोळा करून मोरीत गेली. सवयीने घासायलाही लागली. गोंगबाई नुसत्या बसून राहिल्या. त्यांना दुसरं काहीच नको होतं. लेक या घरातून जायच्या आधी एकदा, एकच वेळ, हे हात तिच्यासाठी खराब व्हावेत एवढंच हवं होतं. तेही आता उशीर झाल्यावर. बाई नवऱ्याला म्हणाल्या, “म्हाताऱ्या, उद्या पीठ आण. मोठी गोणी आण.”

लाओ यूने आणली. इथेच घोळ झाला. त्या घरात पिठाची गोणी जाताना कोणी पाहिलीच नव्हती. लू मास्तर अंगणात पोरांना दोरीवरच्या उड्या शिकवत होते. त्यांनी गोणी बघितली, लाओ यूकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की जणू घरात बॉम्ब चाललाय. शिट्टी वाजली. अकराव्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी अंगणात सभा भरली. रानदवणा ऐन भरात, पोरांची नाकं लाल, आणि बाई कणीक मळायला निघाल्या! बोबोची कणीक घट्ट असते, दगडासारखी असते, तिला सोड्याचा खार घालतात, खाराने कातडी फाटते, वाफेने भाजते. एक आजी रडलीच. तिची नात रात्री शिंकून शिंकून पलंगावरून पडते म्हणे. दुसरी म्हणाली, मी मळते, तुम्ही नुसतं माझं मनगट धरा, म्हणजे हात तुमचाच झाला. कोणी रबरी हातमोजे सुचवले. कोणी कोपराने मळा म्हणालं. एका आजोबांनी तर पायाने मळायची सूचना केली, आमच्या लहानपणी मासळीचं खारवण असंच तुडवायचे म्हणून. लग्नाच्या बोबोवर ही सूचना ऐकून त्यांच्याच बायकोने त्यांना घरी नेलं. गोंगबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या आणि मान हलवून नाही म्हणत होत्या. असं नाही म्हणणं त्यांना नवीन होतं, त्यामुळे मान जरा जास्तच हलत होती.

आता लू मास्तर गप्प बसले असते तर हे एवढ्यावर संपलं असतं. पण ते कसले बसतात! त्यांनी विचार केला की लग्नच थंडी पडेपर्यंत पुढे ढकललं तर रानदवणाही मरेल आणि अंगठाही वाचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही न सांगता त्यांनी खाडीपलीकडची बस पकडली आणि थेट विहीणबाईंच्या दारात उभे राहिले. तिथे त्यांनी शिट्टीला हात लावून गंभीरपणे सांगितलं की मुलीकडच्यांची विनंती आहे, काही नाकाच्या कारणाने लग्न दोन महिने थांबवावं.

दुपारी विहीणबाई त्यांच्या तीनचाकी गाडीवर बसून वस्तीत दाखल. मागच्या हौद्यात त्यांचा स्वतःचा कणीक मळायचा पाट. बाहेर पडताना तो बरोबर घ्यायची त्यांची सवय होती. चौथ्या मजल्यावर येऊन त्यांनी बसायलाही नकार दिला.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “मुलगी द्यायची नसेल तर तोंडावर सांगा. शिट्टीवाला माणूस कशाला पाठवता? आणि मुलीच्या नाकात दोष असेल तर तो साखरपुड्याआधी सांगायचा.”

हायतांग दारातच उभी होती. नेमकं त्याच वेळी तिला शिंका यायला लागल्या. एकामागून एक, थांबेचनात. विहीणबाई त्या नाकाकडे अशा बघत राहिल्या की जणू खटल्यात पुरावाच सापडला.

मग गोंगबाईंनी सगळं सांगून टाकलं. अंगठा, मास्तर, सभा, पाटी, सगळं. विहीणबाईंनी तो अंगठा मागितला, उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला, वर फुंकरही मारली. तान्ह्या पोराच्या टाचेसारखा आहे, असा निकाल त्यांनी दिला, आणि हे चांगलं की वाईट ते त्यांनाच ठरवता येईना. हायतांगने हळूच म्हटलं की दुकानात सांगितलेलं आहे. ‘दुकान’ हा शब्द ऐकताच विहीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्या घरात दुकानाचा बोबो शिरणार नव्हता. लग्न ठरल्या दिवशीच होईल, बोबो आईच करेल, आणि आदल्या दिवशी आपण समोर बसून बघू, असं सांगून त्या आल्या तशा गेल्या. पाट मात्र ठेवून गेल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी गोंगबाईंच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. विहीणबाई स्टुलावर. बाहेर जिन्यात आणि समोरच्या गच्चीत वस्ती. लू मास्तर दाराच्या चौकटीत, शिट्टी ओठांपाशी. गोंगबाईंनी बाह्या वर सारल्या आणि रात्रभर फुगलेल्या कणकेवर अंगठा टेकवला.

अंगठा आपोआप चालायला लागला. हलका, एकाच दिशेने, पोराच्या बोटाच्या मुळापासून टोकाकडे जावा तसा. कणीक घट्ट होईना, मिळून येईना. ती फक्त शांत झाली, जरा झोपल्यासारखी दिसायला लागली. मग बाईंनी तिची कड चिमटीत धरून खालून वर उचलत नेली. विहीणबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? गोंगबाई म्हणाल्या, पाठ घेतेय. बाहेर कोणी तरी फिसकन हसलं. शेवटी बाईंनी एक गोळा कसाबसा वळला, त्याला नाक काढलं, आणि बोर खोवायच्या ऐवजी त्यांची दोन बोटं त्या नाकाशी जाऊन हलायलाच लागली. पिवळी गांधीलमाशी बिळात. समोरच्या गच्चीतला मानमान ओळखीने ओरडला, आजी माझं करते तसंच करतेय. नाक गळून पडलं.

गोंगबाई थांबल्या.

“मला येत नाही,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी सांगत आले की हे लोक मला करू देत नाहीत. आज कोणी अडवलं नाही, तर मला येतच नाही.”

आणि त्या पिठाने भरलेल्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागल्या. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली, वाजली नाही. त्याच वेळी हायतांग केस करून घेऊन परत आली. गर्दीतून वाट काढत दाराशी आली, तिने पाट बघितला, आई बघितली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ते दार लागलेलं गोंगबाईंनी बोटांच्या फटीतून बघितलं.

विहीणबाईंना सांत्वन वगैरे जमत नसे. “रडून पाणी जास्त होतंय,” त्या म्हणाल्या. “पीठ घाला.”

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. अंगठा विसरा, तळहाताची टाच लावा. कंबरेतून जोर येऊ द्या. कणीक म्हणजे आजारी पोर नाही, तिला दुखत नाही, दाबा. मास्तरांची बायको मदतीला पुढे सरकली तर विहीणबाईंनी तिला नुसत्या नजरेने मागे सारलं. स्वतःही कणकेला बोट लावलं नाही. आईचं म्हणजे आईचं. गोंगबाई दाबत होत्या, घामाघूम होत होत्या, पुन्हा पुन्हा मोडत होत्या. खाराने बोटांच्या कडा फाटल्या. अंगठ्याला फोड आला आणि फुटलाही. टोपलीवरचं झाकण उचलताना वाफेने तोच अंगठा भाजला. जिन्यातून प्रत्येक वेळी एक हुंकार यायचा, तो कोणाचा हे सांगायला नको.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास शेवटची टोपली उघडली. वाफ निवळली. बोबो मधोमध उभा फाकला होता, आणि त्याची सगळी नाकं डावीकडे झुकलेली. आता शुभ दिवशी बोबो तडकला असं कोणी म्हणत नाही. तो ‘हसला’ असं म्हणायची पद्धत आहे. पण हे म्हणायचं तरी कोणी? सगळे विहीणबाईंकडे बघत होते.

“हसलाय,” त्या म्हणाल्या. मग जरा वाकून बघितलं. “फारच हसलाय.”

मग उठताना त्यांनी सांगितलं की आपण हेच बोबो दर्शनी मांडणार, सगळ्यांत पुढे, आणि कोण नाक मुरडतं ते बघणार. विहीणबाई गेल्यावर लू मास्तर आत आले. त्यांनी गोंगबाईंचा अंगठा हातात घेतला. लाल, सुजलेला, सालं निघालेला. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिशात घातली आणि घरी गेले. लाओ यूने बायकोच्या अंगठ्याला मलम लावून पट्टी बांधली. त्याच्या खवणीसारख्या हातांनी बांधली, तरी बाईंना काही टोचलं नाही. आतलं दार बंदच होतं.

सकाळी खाली गाड्या येऊन लागल्या. लाल फिती, फटाके, धूर. मुहूर्ताच्या आत नवरी उंबऱ्याबाहेर पडायला हवी होती, आणि विहीणबाईंचा फोन दर थोड्या वेळाने वाजत होता. हायतांग लाल पोशाखात पलंगावर बसलेली. तिला नटवायला आलेल्या मुलीने तिच्या तोंडावर पहाटेपासून थरावर थर चढवले होते. पण खिडकीतून आलेल्या धुराने आणि डोंगरावरच्या वाऱ्याने घात केला. नाक गच्च. डोळ्यांत पाणी. तोंड उघडं. नटवणारी मुलगी कागदी रुमाल घेऊन मोत्यासारखं ते पाणी टिपत होती आणि रडकुंडीला आली होती. गोंगबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, पट्टी बांधलेला अंगठा मुठीत लपवून. आज मालिशचं दुकान बंद होतं. लेकीला लावण्यासारखा हात त्यांच्याकडे उरलाच नव्हता.

“आई,” हायतांग म्हणाली. “नाक बंद झालंय.”

एवढंच. पण हे वाक्य त्या घरात कितीतरी वर्षांनी बोललं गेलं होतं.

“टोचेल गं,” गोंगबाई म्हणाल्या. “अंगठा पार गेलाय.”

“मी काय तान्ही आहे?”

गोंगबाईंनी दातांनी पट्टी सोडली. पलंगावर लेकीसमोर बसल्या. अंगठा तिच्या नाकाच्या बाजूला टेकवला आणि फिरवायला लागल्या. खरखर ऐकू येत होती. पहिल्या फेऱ्यात पावडर गेली, दुसऱ्या फेऱ्यात रंग गेला, खालची खरी कातडी दिसायला लागली, लाल झालेली. नटवणारी मुलगी मटकन खुर्चीत बसली. लाओ यू दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला.

खाली नवऱ्या मुलाकडच्यांची चुळबूळ वाढली. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तेव्हा लू मास्तरांनी खिशातून शिट्टी काढली, गाडीच्या नाकासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि असं काही फुंकलं की अकराव्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या उघडल्या. वर मालिश चालू आहे, त्यांनी जाहीर केलं, संपल्याशिवाय कोणी जागचं हलणार नाही. मुहूर्ताचं काय, असं कोणी तरी विचारलं. मास्तरांनी त्याला रांगेत उभं केलं.

“गुण येतोय का गं?” गोंगबाईंनी विचारलं.

“नाही,” हायतांग म्हणाली. तोंड उघडंच होतं, श्वास तिथूनच चालला होता.

“मग थांबू?”

“थांबू नकोस.”

खाली पुन्हा शिट्टी वाजली. गोंगबाईंनी दुसरी बाजू घेतली.